सुटतंय, असं मोठ्यानं म्हणायचं

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. कुठला उकार पहिला नि कुठला दुसरा हे पाचवीत पक्कं होणार होतं, पण माझी शाळा चौथीतच संपली. खरं तर हे कोणी वाचणार नाही. तरी माफी मागते, कारण ती माझी सवय आहे. चालताना बाकाला धक्का लागला तरी मी बाकाची माफी मागते.

आमच्या दवाखान्यात बसणाऱ्यांसाठी जुने दिवाळी अंक ठेवलेले असतात. त्यात लोक आपापल्या नोकरीबद्दल लिहितात. पोस्टमन लिहितो, नर्स लिहिते. जनावरं धरणाऱ्या बाईने लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून आपलं आपल्यापुरतं लिहितेय.

मी भाईंदर पूर्वेला जनावरांच्या दवाखान्यात काम करते. गावी, खेडच्या बाजूला, मी नुसतं 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे मे महिन्यात गेले की सगळी भावकी मला ब्लडप्रेशरच्या गोळ्या दाखवायची. मला 'तो दवाखाना माणसांचा नाही' हे सांगायला लाज वाटायची, म्हणून मी गोळ्या हातात घेऊन, पालथ्या करून, 'वेळेवर घ्या' म्हणायचे. तीन उन्हाळे मी असंच निभावलं.

माझं मुख्य काम झाडूपोछा नाही, ते तर आहेच. मुख्य काम म्हणजे धरणं. डॉक्टर इंजेक्शन देतात हे सगळ्यांना दिसतं. पण ते देताना कुत्र्याची मान कोणाच्या तरी काखेत असते, ती काख माझी. एक हात हनुवटीखालून, एक हात पोटाखालून, आणि कुत्रा आपल्या छातीशी घट्ट. लहान मुलाला घेतो तसं. फरक इतकाच की मूल चावलं तर कौतुक होतं.

मांजर धरायची पद्धत वेगळी. तिला टॉवेलात गुंडाळायची, फ्रँकी गुंडाळतात तशी, नुसतं तोंड बाहेर. चारी पाय आत असले पाहिजेत. एक जरी बाहेर राहिला तर तो एकटा चौघांचं काम करतो. आणि मांजर चावलं तर दात बारीक म्हणून हसायचं नाही. ते दात सुईसारखे खोल जातात, वरून जखम मिटते आणि आत पू होतो.

मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, पहिल्याच दिवशी मला नियम सांगितले होते. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण कामात पक्क्या. बांगड्या काढायच्या. मंगळसूत्र आत खोचायचं. सुईला परत टोपण लावायचं नाही, सरळ कडक डब्यात टाकायची. उंदराने घाण केलेल्या पाण्यामुळे कुत्र्यांना जो ताप येतो तो माणसालाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे. जड कुत्रा उचलताना कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं.

हे सगळे नियम मी पाळते, पण प्रत्येक नियम एकदा मोडून बघितल्यावर. मंगळसूत्राचा नियम मला एका बोक्याने शिकवला. काळे मणी अजून औषधांच्या कपाटाखाली सापडतात. फरशी जास्त स्वच्छ व्हावी म्हणून मी एकदा ॲसिडमध्ये ब्लिचिंग पावडर घातली होती. असा धूर झाला की मॅडम, पेशंट आणि पेशंटचे मालक सगळे खोकत रस्त्यावर. एक म्हातारा लॅब्राडोर फुटपाथवर बसून माझ्याकडे बघत होता, त्याची नजर मी विसरणार नाही. ॲसिड आणि पावडर आता आमच्याकडे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतात. ती माझ्यामुळे.

पण सगळ्यात मोठा नियम वेगळाच. धरणाऱ्याने बोललं पाहिजे. पकड घट्ट झाली की म्हणायचं, 'धरलं'. मगच डॉक्टर सुई उचलतात. आणि पकड ढिली पडायला लागली की मोठ्याने म्हणायचं, 'सुटतंय'. ते ऐकलं की सगळ्यांनी हात आणि तोंड मागे घ्यायचं. का सुटतंय, कोणामुळे सुटतंय, हे नंतर. जनावराकडे बघत असलेल्या डॉक्टरांना धरणाऱ्याच्या बोटांतलं कळत नाही, त्यांना फक्त ऐकू येतं.

आणि माझा आवाज म्हणजे काय सांगू. बसमध्ये 'पुढे चला' म्हणता येत नाही म्हणून मी दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत येते. मॅडम पहिल्या महिन्यात तीनतीनदा विचारायच्या, 'धरलं का, सुमनताई?' मी मान हलवायचे. त्या म्हणायच्या, 'मान दिसत नाही मला, शब्द हवा.' मग मी 'धरलं' म्हणायचे, ते बहुतेक कुत्र्यालाच ऐकू जायचं. हळूहळू त्यांना माझ्या श्वासावरून अंदाज यायला लागला आणि आमचं चाललं.

दुसरी लाजेची गोष्ट इंजेक्शनची. कामाला लागले तेव्हाच मॅडमनी सांगितलं होतं की या कामात कुत्रं चावायच्या आधीच रेबीजची तीन इंजेक्शनं घेऊन ठेवायची असतात. आधी घेतली असली की पुढे चावल्यावर थोडक्यात भागतं, ते महागडं सीरम लागत नाही. मी सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत सगळे कुठे ना कुठे चावलेले. खिडकीतल्या माणसाने मान खाली घालूनच विचारलं, 'कधी चावला?'

मी म्हटलं, 'अजून नाही चावला.'

त्याने मान वर केली. माझ्या मागे एक पायाला फडकं बांधलेला माणूस होता, तो म्हणाला, 'मौसी, कुत्ते का अपॉइंटमेंट लिया है क्या?' पूर्ण रांग हसली. ज्यांना चावलं होतं तेही हसले. मॅडमनी चिठ्ठी दिली होती, ती माझ्या पर्समध्येच होती. ती काढून दाखवली असती तर काम झालं असतं. मी रांग सोडून घरी आले आणि भाजी निवडत बसले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, 'जाऊन आलात?' मी म्हटलं, 'हो, जाऊन आले.' त्यांना पुढे विचारायला वेळ नव्हता, बाहेर एक पग कुत्रा धापा टाकत होता.

मग टायगर आला. टायगर हा उत्तनच्या फिलोमिनाचा कुत्रा. फिलोमिना इथे बाजारात मासे विकते, तिला सगळं भाईंदर पूर्व ओळखतं, कारण तिचा आवाज पूर्ण भाईंदर पूर्वेला जातो. टायगरने किनाऱ्यावर पडलेलं आमिष खाल्लं होतं आणि मासे धरायचा गळ त्याच्या वरच्या ओठात आरपार अडकला होता. एरवी आम्ही चावरं जनावर असलं की त्याच्या तोंडाला बँडेजची पट्टी बांधतो. मालक रागावतात. कोणी म्हणतं, 'हमारा बच्चा किसी को काटता नहीं,' कोणी म्हणतं, 'एकदम शांत हं.' असं कोणी म्हटलं की मी पट्टी जरा जास्त लांब कापते. पण टायगरच्या ओठातच गळ, तिथे पट्टी बांधणार कशी?

फिलोमिना म्हणाली, 'न्हाय चावत गो तो. गरीब हाय.'

मॅडमनी तिला बाजूला उभं केलं. टायगरला ब्लँकेटमध्ये गुंडाळून मी मान धरली. आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, मग गळ कापायचा, असं ठरलं. इंजेक्शन दिलं. गुंगी चढायला वेळ लागतो. तेवढ्यात मॅडम गळाचं टोक कुठून बाहेर आलंय ते बघायला खाली वाकल्या. त्यांचा चेहरा टायगरच्या तोंडाजवळ. आणि त्याच वेळी ब्लँकेट माझ्या हातातून सरकायला लागलं. मला कळलं. बोटांना आधी कळतं.

'सुटतंय' म्हणायचं होतं. एक शब्द. पण बाजूला फिलोमिना उभी, दारात दोन माणसं डोकावत होती, आणि माझ्या मनात काय आलं असेल? की मी ओरडले आणि खरंच नाही सुटलं, तर लोक काय म्हणतील. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला, पण तोंड उघडायला नाही मिळाला. टायगरची मान वळली आणि मी माझा हात मध्ये घातला.

फिलोमिनाने बाजारात सांगितलं की मावशीने डॉक्टरणीला वाचवलं. माझ्या नवऱ्यानेही शेजारी तेच सांगितलं. मी गप्प बसले. पण खरी गोष्ट अशी की मी तोंड उघडलं असतं तर कोणालाच वाचवावं लागलं नसतं.

तळहाताला खोल चावा होता. मॅडमनी मला नळाखाली उभं केलं आणि साबण लावून हात धुवायला लावला, थोडाथोडका नाही, पंधरा मिनिटं. तोच पहिला आणि खरा उपाय, मग इंजेक्शन. फिलोमिना म्हणत होती चुना लाव, मिरची भर. मॅडम तिला म्हणाल्या, 'टायगरला रेबीजचं इंजेक्शन दिलं होतं का कधी?' ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. म्हणाली, 'न्हाय.'

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. 'तुम्ही तर घेतली आहेत ना तिन्ही?' मी मान हलवली. या वेळी मान त्यांना दिसली, कारण ती आडवी हलली होती.

त्यांनी लगेच रिक्षा बोलवायला सांगितली. सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण सीरम त्या दिवशी संपलं होतं. मॅडमनी फोन करून करून एका खाजगी हॉस्पिटलात मिळवलं आणि पैसे स्वतः भरले. माझ्या अर्ध्या पगाराहून जास्त रक्कम होती. ते सीरम जखमेतच टोचतात. तिथला डॉक्टर भला होता. तो मला म्हणाला, 'आई, दुखतंय तर ओरडा, इथे सगळेच ओरडतात.' मी त्याला सॉरी म्हटलं.

टायगरचा गळ गुंगी चढल्यावर मॅडमनी कापून काढला होता. चावलेलं कुत्रं दहा दिवस बघायचं असतं. ते धडधाकट राहिलं तर काळजी नाही. मारायचं नाही, हाकलायचं नाही, नुसतं बांधून ठेवायचं. ही जबाबदारी फिलोमिनाने इतकी मनावर घेतली की विचारू नका. मी रोज सकाळी बाजारातून कामाला जायचे आणि ती माशांच्या टोपलीमागून ओरडायची, 'सुमन गो, तुजा टायगर जिता हाय. काल बोंबील खाल्लान.' पूर्ण बाजार माझ्याकडे बघायचा. भाजीवाला भय्याही विचारायला लागला, 'दीदी, आपका टायगर कैसा है?' मी पदर डोक्यावर घेऊन जायचे. पण खरं सांगते, रात्री झोप यायची ती तिच्या त्या ओरडण्यामुळे.

टायगर जगला, मीही जगले. पण हात बरा झाल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'सुमनताई, तुमच्याइतकं चांगलं धरणारं मला दुसरं कोणी मिळणार नाही. पण जो बोलत नाही त्याला मी टेबलाशी उभं नाही करू शकत. आज हात गेला. उद्या डोळा जाईल, तुमचा किंवा माझा.' जोपर्यंत मला मोठ्याने बोलता येत नाही, तोपर्यंत मी फक्त सफाई करायची आणि धरायला रूपाली.

रूपाली म्हणजे आमच्या काउंटरवरची मुलगी, पैसे घेते, नंबर लावते. हुशार आहे, पण मांजराला घाबरते. मांजर टेबलावर आलं की हिचेच डोळे मिटतात. मी पोछा धरून दारातून बघायचे आणि माझी बोटं आपोआप वळायची. मला काय येतं या जगात? मला धरता येतं. काही कुत्री टेबलावर थरथरतात आणि काखेत डोकं खुपसलं की शांत होतात, त्यांच्या छातीचे ठोके हळूहळू खाली येताना आपल्या बरगड्यांना कळतात. त्यासाठी मी हे काम करते, पगार तर दुसरीकडेही मिळेल. ते गेलं तर मग माझी नुसती फरशी उरते.

म्हणून मी घरी सराव सुरू केला. उघड ओरडायची लाज, म्हणून मिक्सर लावायचे आणि त्याच्या आवाजात 'सुटतंय' ओरडायचे. चटणीला रोज लागतं त्याहून जास्त खोबरं संपायला लागलं. एका सकाळी मी पूर्ण जोर लावला आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. मिक्सर बंद, आणि माझं 'सुटतंय' एकटंच बिल्डिंगभर घुमलं. आमचे हे बाथरूममधून अंगाला साबण तसाच ठेवून धावत आले, त्यांनी आधी गॅसचा रेग्युलेटर बंद केला. खालच्या भाभींनी खिडकीतून विचारलं, 'क्या छूट गया, भाभी?' मी म्हटलं, 'कुछ नहीं, सॉरी.' हे इतकं हळू म्हटलं की त्या वर आल्या.

दुसरं ओझं होतं पैशांचं. मॅडमनी सांगितलं होतं की कामावर इजा झाली की खर्च दवाखान्याचा, तो विषयच काढू नका. पण त्यांनी मला वेळेवर इंजेक्शनं घ्यायला सांगितली होती. मी घेतली असती तर सीरम लागलंच नसतं. रांगेतल्या हसण्याची किंमत त्यांनी का भरावी? हे त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगणं म्हणजे बोलणं. म्हणून मी माझ्या डोक्याने उपाय काढला. दर शनिवारी गल्ल्याच्या खणाजवळ पुसायला गेले की दोनशेची एक नोट हळूच आत टाकायची. कोणाला कळणार नाही आणि पैसे फिटतील.

गल्ल्यात पैसे कमी पडले तर बोंब होते, हे मला माहीत होतं. जास्त झाले तरी होते, हे माहीत नव्हतं. रूपाली दर शनिवारी हिशेब करायची आणि दोनशे जास्त यायचे. ती पुन्हा मोजायची, पुन्हा जास्त. पहिल्या दोन शनिवारी ती खूश होती, मग घाबरली. आपण कोणाकडून तरी जास्त पैसे घेतोय, मॅडमना कळलं तर नोकरी जाईल, असं तिच्या डोक्यात बसलं. तिचं जेवण कमी झालं. मला वाटलं मांजरांमुळे. मी तिला घरून चटणी आणून देत होते, खोबऱ्याची, तीच ती.

मग एका शनिवारी पटेलभाभी आल्या, आठवड्यापूर्वी त्यांच्या मांजराला टाके घातले होते ते काढायला. त्या दर शनिवारी मांजराला घेऊन यायच्याच, म्हणून रूपालीने ठरवून टाकलं होतं की ते जास्तीचे पैसे ह्यांचेच. आत मॅडमनी मांजर टेबलावर घेतलं होतं, पटेलभाभींचा मुलगा ते धरून होता. बाहेर बाकावर सहा-सात माणसं, त्यांची कुत्री, एक पोपट. मी मधल्या दारात पोछा घेऊन. रूपाली पटेलभाभींना हळूच म्हणाली, 'आंटी, आपसे हर बार ज़्यादा ले लिया था,' आणि गल्ल्यात बाजूला ठेवलेल्या सगळ्या शनिवारांच्या नोटा काढून पुढे केल्या. पटेलभाभींनी 'अच्छा?' म्हणून हात पुढे केला.

माझे पैसे चालले होते. मिक्सर नव्हता.

'रूपाली, थांब. ते पैसे माझे आहेत.'

कसं आलं ते मला माहीत नाही, पण आलं ते सगळं एकदम आलं, इतक्या वर्षांचं साठलेलं. पोपट पिंजऱ्यात उडाला. दोन कुत्री भुंकायला लागली. आत मांजर बिथरलं आणि पटेलभाभींच्या मुलाच्या हातातून निसटून थेट माझ्या खांद्यावर आलं, तिथून पाठीवरून खाली. त्या ओरखड्यांचं मला फार काही वाटलं नाही, मांजराला इंजेक्शनं दिलेली होती आणि आता मलाही. मी तसंच त्याला पदरात गुंडाळलं, चारी पाय आत. पटेलभाभींनी नोटा परत दिल्या. जरा वेळाने दिल्या, पण दिल्या.

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. 'सुमनताई, हा आवाज तुमचा?'

तोंड एकदा उघडलंच होतं, तर मी सगळं बोलून टाकलं. रांगेतल्या माणसाचं, पर्समधल्या चिठ्ठीचं, गल्ल्याचं. सगळ्या बाकासमोर. रूपाली रडायलाच लागली, सुटल्यासारखं वाटून. मॅडम म्हणाल्या, खर्च दवाखान्याचाच. मी म्हटलं, नाही, तुम्ही मला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं पण घेतलीत का ते बघितलं नाही, बघणं माझं काम होतं. बाकावरचे एक आजोबा, बुलडॉगवाले, म्हणाले की मग अर्धे अर्धे करा आणि आमचा नंबर घ्या. तसंच ठरलं. मॅडमनी मला पोछा खाली ठेवायला सांगितला आणि माझ्या पाठीचे ओरखडे धुवून झाल्यावर आजोबांचा बुलडॉग मीच धरला. तो जड होता. मध्येच माझा गुडघा सरकला तेव्हा मी 'सुटतंय' म्हटलं आणि मॅडम, आजोबा, सगळे भिंतीला जाऊन टेकले. खरं तर सुटला नव्हता. पण कोणी हसलं नाही. मॅडमनी थांबून विचारलं, 'आता?' मी म्हटलं, 'धरलं.'

राहिलेले पैसे मी दर शनिवारी रूपालीच्या हातात द्यायला लागले, उघड. ती मोठ्याने मोजायची, मुद्दाम, मला चिडवायला. काल शेवटची नोट दिली. मॅडम आत एका मांजराला बघत होत्या, बाहेर बाक भरलेला होता. मी दारातून म्हटलं, 'मॅडम, माझे अर्धे फिटले. पूर्ण.' त्यांनी मान वर न करता 'ऐकलं' म्हटलं, आणि रूपालीने नोट खणात टाकून खण बंद केला.